गोव्यात घरं वाढली तर खेळायला मोकळी जागा उरेल का?

तुमचा प्रश्न असा, की नवी घरंही हवीत आणि पोरांना खेळायला मोकळी जागाही, तर गोव्यात दोन्ही जमणार कसं? मी फोंडा तालुक्यातला, तिथलंच सांगतो.

आमच्या वाड्यावर 'मैदान' असं कधी नव्हतंच. सरद म्हणजे पावसाळी भात कापून झालं की दिवाळीनंतर त्याच शेतात क्रिकेट सुरू. वायंगणाची, म्हणजे हिवाळ्यात दुसरं भात लावायची शेतं तेवढी सोडायची. शेत कुणाचं हे कुणी विचारत नसे. बांध मोडला तर मात्र मालक काठी घेऊन हजर! शिगम्याचा मांड, म्हणजे सणाला गाव जमतो ती जागाही अशीच, वहिवाटीवर चाललेली. एक-चौदाच्या उताऱ्यात (आमचा सातबारा म्हणा) मात्र भातशेती एवढीच नोंद, खेळाचा उल्लेख कुठून असणार? त्यामुळे एक शेत विकलं गेलं, तेव्हा हरकत घ्यायला गेलेल्या आम्हा लोकांच्या हातात दाखवायला कागदच नव्हता.

घरांना माझा विरोध नाही. भाच्याचा पगार बरा आहे, तरी त्याला इथं फ्लॅट परवडत नाही. पण २०११ च्या जनगणनेत गोव्यात सुमारे सव्वा लाख घरं रिकामी आढळली होती. म्हणजे बांधकाम वाढलं की भाच्याला घर मिळेलच, असं काही नाही.

नव्या लेआउटमध्ये 'ओपन स्पेस' सोडतात म्हणून निर्धास्त राहू नका. शेजारच्या कॉलनीत ती ओहोळाकडच्या उतारावर आहे. चौकार मारला की चेंडू पाण्यात.

जमिनीचा झोन, म्हणजे शेती की वस्ती हा ठरलेला वापर, बदलण्याची वाट आणखी सोपी. आराखड्यातल्या चुका दुरुस्त करायच्या म्हणून झोन बदलू देणारं कलम १७(२) नगरनियोजन कायद्यात २०२३ साली आलं; त्याचे नियम उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले, पण त्याआधीच २०२४ मध्ये झोन बदलू देणारं दुसरं कलम, ३९अ, आलं होतं. त्यात हरकतीला ३० दिवस मिळतात. नोटीस वाचेपर्यंत त्यातले निम्मे सरतात.

म्हणून आधीच तयारी हवी. जिथं खरोखर खेळ होतो, मांड भरतो, त्या जागांची सर्व्हे नंबरवार यादी करून ग्रामसभेत ठराव घ्या. ठरावाने जमीन वाचेलच असं नाही, पण हरकतीला जोडायला निदान एक कागद होतो. आम्ही यादीला लागलोय. एक शेतमालक सही द्यायला तयार नाही. म्हणतो, "खेळणार तुमची पोरं, आणि भाव माझ्या जमिनीचा पडणार?" पंचायतीने ते शेत भाड्याने घ्यावं असं मी सुचवलंय, कारण त्याचं म्हणणं मला खोडता आलं नाही.