मुलगा वीस वर्षांचा झाला तरी जबाबदारी घेत नाही, हा आळस समजायचा की वय?

तुम्ही लिहिलंय, मुलगा रात्री दोनपर्यंत जागा असतो, सकाळी दहाला उठतो, पुढचं काही विचारलं की 'बघू' म्हणतो. आणि मग लिहिलंय, 'आम्ही या वयात घर चालवत होतो.' त्या एका वाक्यासाठी हे उत्तर लिहितोय.

१९९९ साली मी वीस वर्षांचा होतो. पन्हाळा तालुक्यातलं गाव, घरात चार म्हशी, मी कोल्हापूरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. पहाटे साडेचारला उठायचं, धारा काढायच्या, एम-८० दुचाकीला किटली बांधून दूध संस्थेत घालायचं, मग एस.टी. पकडायची. रात्री एकच्या आधी डोळा लागायचा नाही. पुस्तक घेऊन पडलो तरी नाही, दिवा मालवून पडलो तरी नाही. घरात टीव्हीसुद्धा नव्हता, त्यामुळे दोष द्यायला काहीच नव्हतं. परीक्षेच्या आठवड्यात एका पहाटे ओढ्याच्या वळणावर गाडीवरच डोळा लागला. अठरा लिटर दूध उसात गेलं, खांद्याजवळचं हाड मोडलं.

हाताला झोळी बांधून मी सोप्यात बसलो होतो. भेटायला येईल त्याला आण्णा, म्हणजे माझे वडील, एकच सांगत होते, "ह्याच्या वयाला माझं लगीन हुऊन मी संसाराला लागलो हुतो. आनि ह्यो गाडीवर झोपतोय." हाडाचं दुखणं दीड महिन्यात थांबलं. हे वाक्य पुढं दहा वर्षं चाललं. नोकरी लागेपर्यंत, लग्न ठरेपर्यंत, प्रत्येक वेळी.

आता झोपेचं सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचा निम्मा भाग तोच आहे. वयात येताना शरीरातलं घड्याळ पुढं सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवायला लागतं, त्यामुळे झोपही उशिरा येते. जर्मनीतल्या म्युनिकचे झोपेचे अभ्यासक टिल रोनेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये सुमारे पंचवीस हजार लोकांच्या झोपेच्या वेळा तपासल्या. ही उशिराची ओढ विशीच्या आसपास सगळ्यात जास्त असते, मुलींची वयाच्या साडेएकोणिसाला आणि मुलांची एकविसाव्या वर्षाच्या जरा आधी उलटते आणि मग वेळ पुन्हा अलीकडे यायला लागते, असं त्यांना दिसलं. तिथं किशोरवय संपलं असं मानावं, असं त्यांनी सुचवलं. तुमचा मुलगा बरोबर त्या टोकावर आहे. मोबाइलनं त्यात भर पडते, ते खरं. पण मुळात त्या वयाची झोपच तशी आहे. मी पडलो तेव्हा हे कुणी सांगितलं असतं तर पहाटेची धार तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी काढली असती आणि संध्याकाळची मी. एवढीच अदलाबदल होती.

आता 'घर चालवत होतो'चं.

नोकरीला लागल्यावर मी एकदा माळ्यावरची आबांची ट्रंक काढली. आबा म्हणजे माझे आजोबा. त्यांच्या रोजच्या जमाखर्चाच्या वह्या होत्या त्यात. १९७६च्या वहीत एक नोंद सापडली, 'थोरल्यास चपलेसाठी दिले १२ रुपये.' थोरला म्हणजे आण्णा. तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते, दोन लेकरांचे बाप. आणि चपलेचे पैसे आबांकडून मागून घेत होते. मी सगळ्या वह्या वाचल्या. विहीर कधी खोदायची, ऊस लावायचा की भात, सोसायटीचं कर्ज किती काढायचं, आत्याचं लग्न कुठं करायचं, सगळं आबांनी ठरवलेलं. आण्णा राबत होते, माझ्या तिप्पट राबत होते, त्यात मला तिळमात्र शंका नाही. पण ठरवत नव्हते. आबा १९८९ साली गेले तेव्हा तिजोरीच्या किल्ल्या आण्णांच्या हातात आल्या. त्याच वर्षी देशात मतदानाचं वय एकवीसवरून अठरा झालं. आण्णा एकोणचाळीस वर्षांचे होते.

म्हणून माझं ठाम मत आहे की तुमची-आमची मागची पिढी विशीत मोठी झाली नव्हती, विशीत कामाला जुंपली गेली होती. पाठीमागं आबा होते, चुलते होते, चुकीचा निर्णय घ्यायची संधीच नव्हती. आजच्या पोराकडून आपण उलटं मागतो. बारावी झाल्या झाल्या शाखा निवड, शहर निवड, शैक्षणिक कर्जावर सही कर, आणि हे सगळं एकट्यानं. मग तो 'बघू' म्हणतो. मला त्याचं 'बघू' बेजबाबदार वाटत नाही, त्याला भीती वाटत असणार.

मेंदूचंही तेच आहे. पुढचा विचार करणारा, आवर घालणारा कपाळामागचा भाग सगळ्यात शेवटी पक्का होतो, विशीच्या मध्यापर्यंत ते काम चालू असतं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेफ्री आर्नेट यांनी २००० साली अठरा ते पंचवीस हा आयुष्यातला वेगळाच टप्पा मानावा असं मांडलं. त्यावर वाद आहेत, कारण ज्याला सोळाव्या वर्षी सेंट्रिंगच्या कामावर जावं लागतं त्याला असला टप्पा मिळतच नाही. पण तुमच्या मुलाला तो मिळालाय, तर त्याचा उपयोग करू द्या.

कसा, तर छोटे आणि परत फिरवता येणारे निर्णय त्याच्या हातात देऊन. माझी मुलगी गेल्या वर्षी पुण्याला वसतिगृहात गेली तेव्हा सहा महिन्यांचे पैसे मी तिच्या खात्यात एकदम भरले. बायको म्हणाली, "महिन्याला द्या, उडवेल ती." चौथ्या महिन्यात संपले. फोनवर रडली. मी फक्त मेसचे पैसे पाठवले आणि एका शब्दानं बोललो नाही, त्याला माझी जीभ चावून धरावी लागली. या वेळी तिनं मेसचे पैसे आधीच भरून टाकलेत. आण्णांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "लाड हाईत." मी पहिल्यांदाच त्यांना उलट बोललो. म्हटलं, आण्णा, तुम्हाला आबांनी पैसे उडवायला दिले असते तर एकोणनव्वद साली पहिल्याच कर्जात आपली पाऊण एकर गेली नसती. ते उठून गोठ्यात गेले. मला वाईट वाटलं, पण बोललो ते खरं होतं आणि ते मी कित्येक वर्षं पोटात ठेवलं होतं.

तर मुलाशी पैशाचं, करिअरचं सकाळी बोलू नका, रात्री जेवणानंतर बोला, तेव्हा तो जागा असतो. आणि 'आमच्या वेळी' हे शब्द महिनाभर घरात काढू नका.

एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी होती. मी डॉक्टर नाही. मानसिक आजारांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश चोविसाव्या वर्षाच्या आत सुरू झालेले असतात. मुलगा उशिरा उठतो पण मित्रांत हसतो, जेवतो, एखाद्या गोष्टीत रमतो, तर माझं वरचं सगळं लागू. पण जेवण सुटलं असेल, मित्र तुटले असतील, आवडती गोष्टही नकोशी झाली असेल, जगण्यात अर्थ नाही असं काही बोलला असेल, तर हे वय नाही आणि आळसही नाही. मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. तालुक्याला कुणी नसेल तर सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६ वर फोन करा. मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.