मुलाला स्वीकारले, मग मोर्चा कशाला?

“मुलगा समलिंगी आहे हे आम्ही स्वीकारले, त्याला घराबाहेर काढले नाही की टोचून बोललो नाही, मग त्याने फलक घेऊन रस्त्यावर का उतरावे?” हा प्रश्न माझ्या बेळगावच्या समुपदेशन कक्षात अनेक घरांतून आला आहे. बौद्ध घरांतून येतो तेव्हा त्याला आणखी एक वाक्य जोडलेले असते : भगवान बुद्धांनी करुणा शिकवली, भांडण शिकवले नाही. माझे उत्तर एका कुटुंबाच्या अनुभवातून मांडते आहे. त्यांची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

जोडपे निपाणी भागातले. वडील मराठी शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, आईचे अर्धे आयुष्य विड्या वळण्यात गेलेले, एकुलता मुलगा बेंगळुरूला नोकरीत. त्याने दोन वर्षांपूर्वीच घरी सगळे सांगितले होते आणि गुरुजींच्या शब्दांत, “आम्ही ते पोटात घातले होते.” बिनसले ते एका फोटोवरून. समलिंगी व इतर लैंगिक अल्पसंख्याकांच्या हक्कांसाठी निघणाऱ्या बेंगळुरूच्या ‘नम्म प्राइड’ मोर्च्यातला मुलाचा फोटो एका नातलगाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. गुरुजींनी मोबाईल माझ्यापुढे धरला. मुलाच्या एका हातात इंद्रधनुषी पट्ट्यांचा फलक होता, त्यावरची अक्षरे अर्धी कापली गेली होती; दुसऱ्या हातात बाबासाहेबांची तसबीर होती. गुरुजींचा अंगठा त्या तसबिरीवर येऊन थांबला. “तो जसा आहे तसा आहे, मॅडम. पण यात बाबासाहेबांना कशाला आणायचे?”

त्या पहिल्या भेटीत मी घाई केली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या व्याख्येतून काढले, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून वगळले, आणि मुलाला ‘बदलण्याचे’ उपचार करणे हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये डॉक्टरांसाठी गैरवर्तन ठरवले, हे सगळे मी एका दमात सांगून टाकले. एका नातलगाने असल्या उपचारांचा पत्ता दिला होता, त्यामुळे शेवटची गोष्ट सांगणे भाग होते; बाकीचे गुरुजींना ठाऊक होते. त्यांनी मान हलवली आणि ते उठले. त्यांची अडचण कायद्याची नव्हती, धम्माची होती, आणि तिथे मी पोचलेच नव्हते.

दुसऱ्या भेटीत मी त्यांना विचारले, घरी वंदनेत काय म्हणता? काकूंनीच आधी उत्तर दिले आणि करणीय मेत्त सुत्तातली ओळ म्हणून दाखवली, “माता यथा नियं पुत्तं, आयुसा एकपुत्तमनुरक्खे.” आई जशी आपल्या एकुलत्या मुलाला प्राणापलीकडे जपते, तसे अमर्याद मन सर्व प्राणिमात्रांविषयी असावे, असा त्या गाथेचा आशय आहे. म्हणता म्हणता त्यांचा आवाज दाटून आला, कारण एकपुत्त हा शब्द त्यांच्या घरात शब्दशः खरा होता. गुरुजींनी मात्र पंचशीलातल्या तिसऱ्या शीलाकडे बोट दाखवले : “कामेसु मिच्छाचारा वेरमणी,” म्हणजे कामविषयक गैरवर्तनापासून दूर राहणे. पालि निकायांत, म्हणजे बुद्धवचनांच्या जुन्या संग्रहांत, या मिथ्याचाराची फोड आहे ती आईवडील, भावंडे वा नातलग यांच्या रक्षणाखाली असलेल्या, विवाहित किंवा वाग्दत्त स्त्रीशी संबंध ठेवण्याची, तिथे भर आहे तो दुसऱ्याचा विश्वास मोडून दुखावण्यावर, आणि दोन प्रौढ पुरुषांच्या राजीखुशीच्या नात्याचा त्यात उल्लेख नाही. विनयात, म्हणजे भिक्षूंच्या नियमग्रंथात, पंडक (रूढ पुरुषत्वात न बसणारे मानलेले लोक) म्हटल्या जाणाऱ्यांना प्रव्रज्या, म्हणजे भिक्षुदीक्षा, नाकारणारा नियम आहे, हेही मी त्यांच्यापासून लपवले नाही. तो संघात प्रवेश देण्याचा नियम आहे. गृहस्थाने आपल्या मुलाकडे कसे पाहावे हे तो सांगत नाही.

मुलाशी मी वेगळे बोलले. तो म्हणाला, “आईबाबा मला आजाऱ्यासारखे जपतात. दारावरची बेल वाजली की दोघे दचकतात. मला तिथे राहवत नाही.” हे ऐकल्यावर ‘पोटात घातले’ हे शब्द मला नव्याने टोचले, आपण पोटात घालतो तो अपराध. ‘विसुद्धिमग्ग’ या पालि ग्रंथात आचार्य बुद्धघोषांनी करुणेचे दोन शत्रू सांगितले आहेत, क्रूरता हा दूरचा आणि शोक हा जवळचा. जवळचा शत्रू ओळखू येत नाही, कारण तो करुणेसारखाच दिसतो. या घरात मुलाविषयी क्रूरता कधीच नव्हती. शोक मात्र दोन वर्षे मुक्कामाला होता आणि तिघेही त्यालाच करुणा समजत होते.

खरे बोलणे तिसऱ्या भेटीत झाले. गुरुजी तरुणपणापासून १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाला, म्हणजे मराठी सीमाभाग महाराष्ट्राबाहेर ठेवल्याच्या निषेधाच्या दिवशी, मूक सायकल फेरीत जातात, हे मला तेव्हा कळले. त्यांच्या वडिलांच्या पिढीने १९५६ साली अवघ्या अठरा दिवसांच्या अंतराने दोन गोष्टी पाहिल्या : १४ ऑक्टोबरला नागपूरची धम्मदीक्षा, आणि १ नोव्हेंबरला बेळगाव-निपाणीचे म्हैसूर राज्यात जाणे. मी विचारले, “गुरुजी, तुमचे कानडी शेजारी तुमच्याशी वाईट वागतात का?”

“छे हो. लग्नकार्यात पहिली पंगत वाढायला तेच असतात.”

“मग सायकल फेरी कशाला?”

ते बराच वेळ गप्प राहिले. मग सावकाश म्हणाले, “मायेने वागणे वेगळे, आणि आपल्या भाषेत कागद मिळणे वेगळे.”

मुलालाही कागदच हवा आहे, असे मी म्हणाले. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला आणि तो प्रश्न संसदेकडे सोपवला. म्हणजे त्याचा जोडीदार आज कायद्याने त्याचा कुणीच लागत नाही. आईवडिलांची माया कितीही असली तरी ती हा कागद देऊ शकत नाही. धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांमध्ये प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे, तशीच समता स्थापन करण्यासाठी प्रयत्न करण्याचीही आहे. बाबासाहेबांनी दोन्ही एकाच दिवशी, एकाच जनसमुदायाला दिल्या. यातली एक घरात ठेवावी आणि दुसरी दाराबाहेर काढावी, अशी सोय त्यांनी ठेवलेली नाही.

राहता राहिली तसबीर. १९३४ साली संततिनियमनाचे प्रचारक र. धों. कर्वे यांच्यावर ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातल्या वाचकांच्या प्रश्नोत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांविषयीचेही प्रश्न होते. मुंबई उच्च न्यायालयात कर्वे यांची बाजू बाबासाहेबांनी मांडली. कर्वे खटला हरले, त्यांना दंड झाला. आणि २०१८ च्या निकालात ज्या संविधानिक नैतिकतेचा, म्हणजे रूढ लोकमतापेक्षा संविधानाची मूल्ये वर मानण्याचा, आधार घेतला गेला, ती कल्पना बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मांडली होती. हे ऐकताना गुरुजींनी खिशातले पेन काढून दोन्ही तारखा लिहून घेतल्या, शाळेतल्या सवयीने त्यांखाली रेघ ओढून.

घरातले सगळे सुरळीत झाले, असे नाही. गुरुजींनी भावांना अजून काही सांगितलेले नाही. स्थळे येतात तेव्हा काकू “त्याला विचारल्याशिवाय नाही” एवढेच म्हणतात. पण गेल्या भेटीत गुरुजींनी मला सांगितले की त्यांनी मुलाला स्वतःहून फोन केला आणि तो फोटो समोर धरून विचारले, “फलकावर पुढे काय लिहिले होते रे? फोटोत अर्धेच दिसते.”