भारताने ‘शरण दिली’ की ‘आश्रय दिला’?

एका शिक्षिकाबाईंचा प्रश्न आला आहे. त्यांनी नववीच्या वर्गाला ‘जगातील निर्वासित आणि भारताची भूमिका’ असा निबंधाचा विषय दिला होता. निम्म्या मुलांनी ‘शरणार्थी’ लिहिलं, काहींनी ‘विस्थापित’, आणि बऱ्याच वह्यांत ‘भारताने त्यांना शरण दिली’ हे वाक्य आलं. बाईंनी त्याखाली लाल रेघ मारली, तर एक पालक भांडायला आले, ‘टीव्हीवर हेच म्हणतात’. बाई विचारतात, यातलं बरोबर काय? आणि इंग्रजीतल्या ‘होस्ट कंट्री’ला ‘यजमान देश’ म्हणावं का?

बाई, लाल रेघ तुमची बरोबरच आहे. पण ‘शरणार्थी’वर मार्क कापले असतील तर ते परत द्या. चूक नामात नाही, क्रियापदात आहे.

संस्कृतात ‘शरण’ म्हणजे घर, आसरा, राखणारा. त्यामुळे शरण + अर्थी, म्हणजे आसरा मागायला आलेला, हा शब्द बांधणीने निर्दोष आहे. हिंदीने तो जसाच्या तसा ठेवला. मराठीत मात्र ‘शरण’ची गाडी दुसऱ्या रुळावर गेली. आपल्याकडे शरण ‘जातात’ किंवा ‘येतात’. कोणी शरण ‘देत’ नाही. फरारी आरोपी पोलिसांना शरण येतो, वेढा पडलेला किल्लेदार शरणचिठ्ठी पाठवतो, भक्त देवाला शरण जातो. तिन्हीकडे हत्यार, हट्ट किंवा अहंकार खाली ठेवणं आहे. ‘शरण दिली’ मधलं ते स्त्रीलिंगच चोरी पकडून देतं. हिंदीत ‘शरण दी’, म्हणून इथे ‘दिली’. मूळ संस्कृत शब्द नपुंसकलिंगी आहे, हे लिंगही सीमेपलीकडून आलेलं.

फरक कळायला एकच उदाहरण पुरे. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर १६८१ साली दक्षिणेत पळून आला. आपण म्हणतो, तो संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला. याऐवजी ‘संभाजी महाराजांना शरण आला’ असं लिहून पाहा. एका शब्दाने पाहुणा कैदी झाला आणि इतिहासाचा पेपर गेला.

१९७१ मध्ये तर हा गोंधळ एकाच वर्षात दोन्ही बाजूंनी समोर आला. मार्चनंतर पूर्व पाकिस्तानातून जवळपास एक कोटी माणसं भारतात आली, आणि १६ डिसेंबरला ढाक्यात सुमारे ९३ हजार पाकिस्तानी सैनिक व इतर शरण आले. पहिले शरणार्थी, दुसरे शरणागत. हिंदीला ‘आत्मसमर्पण’ हा वेगळा शब्द हाताशी होता, म्हणून तिचं निभावलं. मराठीत दोन्ही ‘शरण’ एका वाक्यात आले तर वाचक अडखळतोच. माझ्या आजीच्या ट्रंकेत त्या वर्षाचं एक पाकीट आहे. नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचं कुटुंबनियोजनाचं छोटं तिकीट, आणि त्यावर काळ्या शाईत छापलेलं: ‘शरणार्थी सहायता’. नोव्हेंबर १९७१ पासून पत्रांवर हा जादा पाच पैशांचा कर होता. शब्द हिंदीतला, कारण टपालखातं केंद्राचं. घरात मात्र त्याला ‘निर्वासितांचं तिकीट’ म्हणत.

आता ‘निर्वासित’. ‘वस्’ म्हणजे राहणे. त्याचं प्रयोजक रूप ‘वासय्’, त्याला ‘निर्’ लागला की ‘बाहेर घालवणे’. रामाने सीतेचं केलं ते निर्वासन. म्हणजे निर्वासित हा स्वतः निघालेला नसतो, त्याला काढलेलं असतं. (‘निर्वासीत’ असं दीर्घ लिहू नये, एवढं जाता जाता.) मराठीने हा शब्द उचलला हे मला फार आवडतं. ‘शरणार्थी’ म्हटलं की नजर दारात उभ्या असलेल्या माणसाच्या पसरलेल्या हाताकडे जाते. ‘निर्वासित’ म्हटलं की आधी प्रश्न पडतो, कोणी घालवलं?

हा शब्द अक्षरशः लागू पडावा अशी माणसं कोल्हापूरजवळ राहून गेली आहेत. १९४० आणि ४१ मध्ये सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधली कुटुंबंच्या कुटुंबं मालगाड्यांत भरून सायबेरिया, कझाकस्तानकडे नेली. पुढे सुटका झाल्यावर ती इराणमार्गे बाहेर पडली. नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला पोलिश मुलांसाठी छावणी काढली हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण मोठी छावणी आपल्याकडे होती, करवीर तालुक्यात वळिवड्याला. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. शाळा, चर्च, दवाखाना, सगळं बराकींमध्ये. कोल्हापुरात महावीर उद्यानात त्यांची आठवण म्हणून स्तंभ आहे. पोलिश लोक गेले आणि त्याच जागेवर फाळणीत सिंध सुटलेल्या सिंधी कुटुंबांना वसवलं. आज ते गांधीनगर. लग्नाचा बस्ता बांधायला तिथल्या कापडबाजारात गेलेल्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल, की एकाच जागेने दोन खंडांतले निर्वासित पाहिले? ‘निर्वासितांची वसाहत’ या दोन शब्दांतही धातू एकच आहे, वसणे. एकदा उठवलेले, एकदा बसवलेले.

इथे थोडा कायद्याचा काटा टोचतो. १९४७ नंतर आलेल्या सिंधी-पंजाबी लोकांना जनता निर्वासित म्हणत होती, पण १९५४ चा नुकसानभरपाई आणि पुनर्वसनाचा कायदा त्यांना ‘डिसप्लेस्ड पर्सन्स’, विस्थापित व्यक्ती, म्हणतो. कारण साधं होतं: ती माणसं परकी नव्हती. संविधानाच्या सहाव्या अनुच्छेदाने पाकिस्तानातून आलेल्यांना अटी घालून नागरिकच मानलं. त्या माणसांनाही ‘शरणार्थी’ ही हाक खुपायची. उत्तरेत अनेक जण ठणकावून सांगत, आम्ही शरणार्थी नाही, पुरुषार्थी आहोत. उल्हासनगरचं मूळ नाव कल्याण कॅम्प. गावाला नवं नाव १९४९ मध्ये मिळालं, तरी पत्ता सांगताना आजही ‘कॅम्प नंबर तीन’ असंच म्हणतात. नाव बदललं, कॅम्प राहिला.

तमिळनाडूने २०२१ मध्ये नेमका हाच शब्दाचा काटा काढायचा प्रयत्न केला. मुख्यमंत्री स्टालिन यांनी विधानसभेत जाहीर केलं की श्रीलंकेतून आलेल्या तमिळांच्या छावण्यांना यापुढे निर्वासित छावण्या न म्हणता पुनर्वसन छावण्या म्हणायचं.

‘विस्थापित’ शब्द आपल्याकडे धरणांनी रुळवला. कोयनेचे विस्थापित, आणि त्याच रांगेत धरणग्रस्त, प्रकल्पग्रस्त. ही माणसं देशाबाहेर गेलेली नाहीत, आणि आंतरराष्ट्रीय व्यवहारातही कात्री तिथेच बसते. १९५१ च्या जिनिव्हा करारानुसार निर्वासित होण्यासाठी देशाची सीमा ओलांडलेली असावी लागते. शिवाय वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट समाजगट किंवा राजकीय मत यांमुळे छळ होईल अशी साधार भीती लागते. पुराने घर गेलं म्हणून देश सोडलेला माणूस या व्याख्येत बसत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संघटनेने २०२४ अखेर जगात १२ कोटी ३२ लाख माणसं बळाने उठवली गेलेली मोजली. पण त्यातली सुमारे ७ कोटी ३५ लाख आपापल्या देशाच्या आतच होती, म्हणजे विस्थापित. ‘जगात १२ कोटी निर्वासित’ असा मथळा दिसला तर तिथेही लाल रेघ मारायला हरकत नाही. काश्मिरी पंडितही याच अर्थाने विस्थापित. सरकारी कागदावर त्यांना ‘मायग्रंट’ म्हणतात, म्हणजे स्थलांतरित, जणू ते ऊसतोडीला गेले होते.

शेजारच्या भाषांत डोकावलं तर गंमत वाढते. बंगालीत फाळणीचे ते ‘उद्‌बास्तु’, वास्तूवरून उखडलेले, आणि १९७१ चे मात्र ‘शरणार्थी’. गुजराती आणि कन्नडमध्ये ‘निराश्रित’ चालतो. मराठीत तो आणू नका, आपल्याकडे निराश्रित म्हणजे कोणी पाहणारं नसलेली विधवा किंवा म्हातारा. ‘परागंदा’ हा फारसीतून आलेला, तिकडे त्याचा अर्थ विखुरलेला. दुष्काळाने गाव परागंदा होतं. शब्द सुंदर आहे, पण त्यात पळून जाण्याची, कर्ज बुडवून गेल्याची छटा आहे, म्हणून निबंधात जपून.

आता तुमचं ‘होस्ट कंट्री’. ‘यजमान देश’ मला पटत नाही. यजमान सत्यनारायणाला बसतो, किंवा जुन्या पिढीतल्या बाईंचा नवरा असतो. ऑलिंपिकचा यजमान देश ठीक आहे, तिथे पाहुण्यांना आमंत्रण असतं आणि परतीचं तिकीटही. तुर्कस्तानने सीरियातून आलेल्यांना सुरुवातीला नेमकं ‘मिसाफिर’ म्हटलं. तुर्कीत त्याचा अर्थ पाहुणा, आपला मुसाफिर त्याचाच भाऊ. त्यामागे कायदा होता. तुर्कस्तानने १९५१ च्या करारावर सही केली आहे, पण युरोपातून आलेल्यांनाच निर्वासित मानण्याची अट ठेवून. सीरियन त्यात बसत नव्हते, म्हणून पाहुणे. आणि पाहुण्याला हक्क नसतो, त्याचा पाहुणचार होतो.

मी ‘आश्रय देणारा देश’ असं लिहितो. त्यातही एक खोट आहे, ती कबूल करतो. मराठीत आश्रय ही मोठ्या माणसाची मर्जी असते: राजाश्रय, आश्रयदाता, आश्रित. करारात मात्र ते देशावरचं बंधन आहे. त्याच्या ३३ व्या कलमातला ‘नॉन-रिफूलमाँ’ हा फ्रेंच वळणाचा शब्द मी ‘माघारी न लोटणे’ असा करतो, कारण मूळ फ्रेंच क्रियापदातही मागे लोटणंच आहे. भारताने त्या करारावर सही केलेली नाही आणि आपल्या कायद्यात निर्वासित ही वेगळी वर्गवारीच नाही, नागरिक नसलेला तो विदेशी. म्हणून इथे आलेल्या प्रत्येक गटाला वेगळी वागणूक मिळाली. १९५९ नंतर आलेल्या तिबेटी लोकांना नोंदणीचे दाखले आणि वसाहती मिळाल्या. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला त्यांची वसाहत १९७२ पासून आहे. थंडीत शहरांत स्वेटरची दुकानं लावणाऱ्या तिबेट्यांना मात्र कोणी निर्वासित म्हणत नाही, ते ‘स्वेटरवाले’. दुसऱ्या एखाद्या गटाला हे दाखले मिळतीलच असं नाही. अशा देशापुरतं बोलायचं तर ‘आश्रय दिला’ हे क्रियापद, मर्जीच्या छटेसकट, दुर्दैवाने अचूक आहे.

अजून एक क्रियापद मुलांना जरूर सांगा: थारा देणे. अस्सल घरचा शब्द, पण तो आपण जवळजवळ नेहमी नकारातच वापरतो. ‘त्याला कुठे थारा मिळाला नाही’ असं दहादा ऐकू येईल, ‘थारा दिला’ क्वचितच.

तेव्हा वह्या परत घ्या आणि असं करा: ‘निर्वासित’ आणि ‘शरणार्थी’ला पूर्ण गुण, देशातल्या देशात उठलेल्यांना ‘विस्थापित’ म्हणणाऱ्याला अर्धा जास्त, आणि ‘शरण दिली’वरची लाल रेघ तशीच राहू द्या. त्या पालकांना अकबराचं उदाहरण सांगून बघा.