साहेबांकडे ‘फुकट’ म्हणून जाऊ नका

ऑफिसात ओपन सोर्स, म्हणजे ज्यांचा कोड कोणालाही पाहता, बदलता आणि वाटता येतो अशी साधनं वापरायची तर वरच्यांना कसं पटवायचं, हा प्रश्न इतक्यांदा आलाय की एकेकट्याला उत्तर लिहिणं मी सोडलं. त्याच विषयाच्या आसपासची काही पत्रं इथे एकत्र घेतो.

फोंड्यात एका लहान कंपनीत वेब डेव्हलपर आहे. लायसन्सचा खर्च वाचेल म्हणून ओपन सोर्स सुचवलं. सर म्हणाले, ‘फुकटच्या वस्तूला वाली कोण? पैसे मोजले तर निदान भांडायला कोणी तरी असतं.’ काय सांगू?

सरांचं चुकलं नाही, तुमचं चुकलं. ‘फुकट’ हा शब्द घेऊन तुम्ही केबिनमध्ये गेलात. लायसन्सला पैसे पडत नाहीत, पण बसवणारा, अपडेट करणारा, बॅकअप घेणारा माणूस पगार घेतो. त्याचे तास आधी तुम्हीच कागदावर मांडा. लपवलेला खर्च सरांनी शोधून काढला तर विषय संपला.

भांडायचं म्हणाल तर विकतच्या सॉफ्टवेअरचा करार त्यांना एकदा वाचायला द्या. बहुतेक करारांत कंपनीची जबाबदारी तुम्ही भरलेल्या रकमेपुरती बांधून घातलेली असते. आणि वाली हवाच असेल तर पोस्टग्रेससारख्या डेटाबेसला पैसे घेऊन सपोर्ट देणाऱ्या कंपन्या आहेत. एकीने नीट काम केलं नाही तर दुसरी धरता येते. हा मुद्दा सांगा, सर ऐकतील.

सगळं एकदम बदलायला जाऊ नका. रजेच्या अर्जांचं पान, असं एखादं आतलं काम घ्या, दोन महिने चालवा, लागलेला वेळ टिपून ठेवा. सर सरकारी कागदालाच मानणारे असतील तर केंद्र सरकारचं २०१५चं ओपन सोर्स धोरण छापून न्या. जाण्याआधी अकाउंट्सवाल्यांशी बोला.

कोड लिहायचा एडिटर व्हीएस कोड आणि प्रोग्राम वेगवेगळ्या कप्प्यांत चालवणारं डॉकर डेस्कटॉप फुकट मिळतात, म्हणजे ओपन सोर्सच ना? (पर्वरी)

नाही. व्हीएस कोडचा मूळ कोड एमआयटी या ओपन सोर्स लायसन्सखाली आहे, पण मायक्रोसॉफ्टकडून उतरवता तो तयार प्रोग्राम त्यांच्या वेगळ्या लायसन्सचा. तो नको असेल तर त्याच मूळ कोडवरून बनवलेलं व्हीएसकोडियम घ्या. डॉकर डेस्कटॉप कंपनीत फुकट चालतं ते २५० पेक्षा कमी कर्मचारी आणि एक कोटी डॉलरपेक्षा कमी वार्षिक उलाढाल, या दोन्ही अटी बसल्या तरच. मूळ कंपनी परदेशी असेल तर माणसं कोणाची मोजायची हे अंदाजाने ठरवू नका, कायदा विभागाला विचारा.

कळंगुटला हॉटेल सांभाळतो. एक वेबसाईटवाला म्हणतो, ‘वर्डप्रेस या साईट बनवायच्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा कोड जगाला दिसतो, म्हणजे चोरालाही दिसतो. आमचं स्वतःचं सीएमएस (साईटवरचा मजकूर सांभाळणारं सॉफ्टवेअर) घ्या.’ घ्यावं का?

त्याचं ‘स्वतःचं’ सीएमएस कशावर चालतं, ते आधी विचारा. पीएचपी, मायएसक्यूएल, लिनक्स असंच काही निघण्याची शक्यता दांडगी, आणि ते सगळं ओपन सोर्स. म्हणजे पाया उघडाच. वरची माडी तेवढी कुलपात, आणि किल्ली त्याच्या खिशात.

उघडा कोड म्हणजे आपोआप सुरक्षित, असं सांगणाऱ्यांचाही मला तितकाच राग येतो. साईटींची देवाणघेवाण कुलूपबंद करणाऱ्या ओपनएसएसएलमधली हार्टब्लीड नावाची चूक २०१४ मध्ये सापडली, तोवर दोन वर्षं ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पडून होती. २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनात मुद्दाम घातलेली चोरवाट सापडली, ती आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं म्हणून. कोड हाताशी होता, त्यामुळे तो मुळापर्यंत गेला. पण त्याला खटकलंच नसतं तर?

आपल्याकडच्या साईटी मात्र असल्या बड्या कारणांनी पडताना मी फारशा पाहिल्या नाहीत. त्या पडतात ‘चवथ होऊ दे, मग बघू’ने. चवथीनंतर दिवाळी, दिवाळीनंतर सीझन, सीझनमध्ये साईटला हात लावायचा नाही, आणि पावसात पाहुणेच नाहीत तर घाई कसली! बार्देशातल्या एका हॉटेलचं असंच झालं. बुकिंगच्या प्लगिनमधलं, म्हणजे साईटला वरून जोडायच्या तुकड्यातलं, भोक बुजवणारं अपडेट कित्येक महिने येऊन पडलेलं. नाताळच्या आठवड्यात मोबाईलवरून साईट उघडणारा थेट जुगाराच्या पानावर जायचा. मालक बघायचे ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर, तिथे सगळं ठीक. पाहुण्यांचे फोन आले तेव्हा कळलं. अपडेटला दहा मिनिटं लागली असती. साफसफाईला चार दिवस गेले, तेही वर्षाच्या कमाईचे.

तेव्हा वर्डप्रेस की त्याचं सीएमएस, हे नंतर बघा. अपडेट कोण करणार, कोणत्या वारी, त्याआधीचा बॅकअप कुठे ठेवणार, हे नावानिशी कागदावर घ्या. डोमेन, म्हणजे साईटचा पत्ता, वेबसाईटवाल्याच्या नावावर असेल तर आधी ते स्वतःकडे घ्या. करार मोडला तर बुकिंगचा डेटा कोणत्या फाइलमध्ये, किती दिवसांत परत मिळेल, हेही लिहून मागा. तो ‘बघू’ म्हणाला तर उठा. आणि सहीआधी करार अशा जाणकाराला दाखवा, जो तुम्हाला साईट विकत नाहीये.

मित्राने विकतचं प्लगिन ‘नल्ड’ करून, म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडून दिलंय. जीपीएल हे ओपन सोर्स लायसन्स असल्यामुळे कायदेशीरच, म्हणतो. (म्हापसा)

काढा. आज. जीपीएल कोड वाटायची मुभा देतं हे खरं, पण मधल्या माणसाने त्यात काय कालवलं याची हमी कोण देणार, मित्र? नुसतं प्लगिन पुसून भागत नाही. अनोळखी अ‍ॅडमिन खाती शोधा, सगळे पासवर्ड बदला. साईटवर ग्राहकांची माहिती असेल तर स्वतः डॉक्टरकी न करता जाणकाराला बसवा.

ग्राहकासाठी केलेली वर्डप्रेस थीम (साईटच्या रंगरूपाचा कोड) जीपीएलमुळे जगाला द्यावी लागेल का? (मडगाव)

नाही. ज्याच्या हाती कोड दिला, त्या ग्राहकाला जीपीएलचे हक्क मिळतात. चौकात टांगायची गरज नाही. एजीपीएल या त्याच्या भावंड लायसन्सची गोष्ट वेगळी: तो कोड बदलून तुम्ही नेटवरून सेवा दिलीत, तर ती वापरणाऱ्यांनाही बदललेला कोड मिळायला हवा. शंका असेल तर वकील गाठा, पण सॉफ्टवेअरचे करार वाचणारा. जमिनीच्या खटल्यांचा नको.

डिचोलीच्या आमच्या वाचनालयाच्या साईटवरचा मराठी मजकूर जुन्या विकतच्या फॉन्टमध्ये आहे. समिती म्हणते, पैसे मोजलेत, तोच ठेवा.

पैसे गेले ते गेले. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या ठरलेल्या पद्धतीत आणा. जुन्या फॉन्टमधला मजकूर मराठी शब्द टाकून शोधला तर सापडत नाही, आणि फॉन्ट लागला नाही की पडद्यावर खिचडी. नोटो किंवा मुक्ता हे फॉन्ट घ्या. दोन्ही ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. पण कन्व्हर्टर फुकट मिळतो म्हणून एका रात्रीत उरकू नका. रफार आणि पहिली वेलांटी हमखास घसरतात. आधी दहा पानं करा, वाचनालयातल्या एखाद्या चिडक्या जुन्या वाचकाला तपासायला द्या, मग पुढची.