पिशवी न्याच, पण सोबत तारखांचा एक कागदही न्या

प्रश्न: ताई, माझ्या आईचं (वय ६२) थायरॉईडचं ऑपरेशन ६ वर्षांपूर्वी झालं, पॅपिलरी कॅन्सर होता, नंतर दोनदा रेडिओआयोडीन (किरणोत्सर्गी आयोडीनचं औषध) दिलं. आता फुप्फुसात बारीक गाठी दिसतायत, थायरोग्लोब्युलिन (रक्तात तपासतात ती या कॅन्सरची खूण) वाढतंय आणि शेवटच्या स्कॅनमध्ये गाठींनी आयोडीन घेतलंच नाही असं लिहिलंय. पुढच्या आठवड्यात पहिल्यांदाच ऑन्कॉलॉजिस्टकडे, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांकडे जायचंय. पिशवीभर रिपोर्ट आहेत, पण काय दाखवायचं, काय विचारायचं काही सुचत नाहीये. त्यात भाऊ म्हणतो आईला बाहेरच बसवू.

उत्तर: अगं, गोंधळणारच तू, त्यात वेगळं काही नाही. पिशवी घेऊन जाच, पण त्याआधी एका कागदावर फक्त तारखा आणि आकडे लिही, कारण या आजारात गाठी आहेत की नाहीत यापेक्षा त्या किती वेगाने वाढतायत यावर डॉक्टरांचा बराचसा निर्णय असतो. ऑपरेशन कधी झालं, आयोडीनचे डोस कधी आणि किती मिलिक्युरीचे (हे त्या डोसचं माप), मग थायरोग्लोब्युलिनचे सगळे आकडे ओळीने, आणि प्रत्येक आकड्यासमोर त्या दिवशीचा टीएसएच (थायरॉईडला चालना देणारं हार्मोन) आणि अँटी-थायरोग्लोब्युलिन अँटिबॉडी (थायरोग्लोब्युलिनविरुद्ध शरीर बनवतं ती प्रथिनं) पण लिही, कारण टीएसएच वाढला तर थायरोग्लोब्युलिनही वाढतं आणि अँटिबॉडी असतील तर आकडा फसवा निघू शकतो. लॅब बदलली असेल तर तेही लिही, दोन लॅबचे आकडे सरळ शेजारी ठेवून तुलना होत नाही. स्कॅनचे नुसते रिपोर्ट पुरत नाहीत, सीडी लागतात, जुन्या सुद्धा, म्हणजे तीच गाठ तेव्हा केवढी होती आणि आता केवढी आहे हे डॉक्टरांना स्वतः बघता येतं.

अजून एक गोष्ट बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही, ऑपरेशनच्या वेळचा पॅथॉलॉजीचा ब्लॉक. मेणात जपून ठेवलेला तो तुकडा बहुधा ऑपरेशन झालं तिथल्या पॅथॉलॉजीत असतो, तो मिळेल का हे आत्ताच फोन करून विचारून ठेव, कारण बीआरएएफ, आरईटी, एनटीआरके असे जनुकातले बदल त्यातून तपासता येतात आणि काही औषधं त्या बदलांवर नेम धरूनच दिली जातात.

आता प्रश्न. पहिला हाच विचार की औषध आत्ताच सुरू करायला हवं का? ऐकायला विचित्र वाटेल, कारण आपल्याला वाटतं पसरलाय म्हणजे उद्यापासूनच काहीतरी चालू व्हायला पाहिजे, पण गाठी बारीक असतील, हळू वाढत असतील आणि त्रास नसेल तर ठराविक महिन्यांनी स्कॅन करत नुसतं लक्ष ठेवणं हाही योग्य उपाय असतो आणि त्याचा अर्थ डॉक्टरांनी हात टेकले असा अजिबात नाही. आयोडीन चालेनासं झालं की दिल्या जाणाऱ्या लेनव्हॅटिनिब, सोराफेनिब या गोळ्या आजार रोखून धरतात, पण साधारणपणे तो मुळापासून जात नाही, आणि बीपी वाढणं, जुलाब, थकवा, वजन उतरणं, हातापायांची कातडी दुखणं हे सगळं सोबत येऊ शकतं. त्यामुळे कधी सुरू करणार, काय दिसलं की सुरू करणार, डोस कमी करता येतो का, मधे थांबता येतं का, हे सगळं विचारून घे.

आईच्या सगळ्या गोळ्यांची यादी न्यायची, बीपीची, कॅल्शियमची, लोहाची. केसांसाठी बायोटिन घेत असतील तर ते नक्की सांग, त्याने टीएसएच आणि थायरोग्लोब्युलिनचे आकडे चुकीचे येऊ शकतात. आणि हो, टीएसएच कमी दिसला म्हणून दुसऱ्या कुणा डॉक्टरांनी थायरॉईडची गोळी कमी केली असेल तर तेही सांग. या आजारात तो बरेचदा मुद्दामच कमी ठेवलेला असतो, त्यामुळे ऑन्कॉलॉजिस्टना किंवा एंडोक्रायनॉलॉजिस्टना (हार्मोनच्या डॉक्टरांना) विचारल्याशिवाय गोळीला हात लावायचा नाही.

भावाचं म्हणणं मला पटत नाही बघ. खोकला किती येतो, जिने चढताना दम लागतो का, हाडं दुखतात का हे आईलाच ठाऊक ना, आणि गोळ्याही त्यांनाच गिळायच्यात. आदल्या दिवशी निवांत बसून त्यांनाच विचार, तुला सगळं ऐकायचंय का की आम्ही ऐकून तुला सांगू? काय म्हणतील त्याप्रमाणे करा. भावाला लिहून घ्यायचं काम दे, म्हणजे तोही जरा गप्प बसेल.

आणि श्वास घेताना आवाज यायला लागला, दम लागला, गिळता येईना, रक्त पडलं किंवा मानेतली गाठ भराभर फुगली तर पुढच्या आठवड्याची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी इमर्जन्सीत न्या.