नफा कागदावर, पैसा येण्यांत

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत माझा कास्टिंगच्या मशिनिंगचा छोटा कारखाना आहे. मालकी माझी एकट्याची आहे; गाळा पत्नीच्या नावावर असून कारखाना तिला दरमहा १५,००० रुपये भाडे देतो. गेल्या वर्षी ८ लाख रुपये नफा झाला, तरी खात्यात पैसा टिकत नाही. आता ४० लाखांचे दुकान घेऊन भाड्याने द्यावे, असे मनात आहे. १० लाख सीसीतून (बँकेने कारखान्याच्या खेळत्या भांडवलासाठी दिलेल्या कॅश क्रेडिट खात्यातून) काढावेत आणि ३० लाखांचे कर्ज घ्यावे का? ताळेबंद सोबत जोडला आहे.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : कारखाना, घर आणि गाळा असे तीन हिशेब आपण वेगवेगळे ठेवले आहेत, बँक मात्र ते एकाच कागदावर मांडते, म्हणून आपणही तसेच मांडू.

नफा ८ लाख. घसारा (यंत्रांच्या झिजेपोटी धरलेली रक्कम) ३ लाख हा केवळ वहीतला खर्च असल्याने तो परत मिळवू, आणि यंत्राच्या कर्जावरचे १ लाख २० हजार व्याज पुढे हप्त्यात येणारच असल्याने तेही मिळवू. बेरीज १२ लाख २० हजार होते. परंतु ताळेबंदात येणी (गिऱ्हाइकांकडून यायची रक्कम) ११ लाखांवरून १७ लाखांवर गेलेली दिसतात. म्हणजे माल गेला, बिल झाले, नफा धरला, आणि ६ लाख रुपये गिऱ्हाइकांकडे अडकले. उरलेल्या ६ लाख २० हजारांतून यंत्राचे हप्ते ३ लाख गेले. पत्नीला मिळालेले भाडे १ लाख ८० हजार मिळवले आणि दरमहा ४५,००० रुपयांची घरखर्चाची उचल, जी नफा-तोटा पत्रकात कुठेच दिसत नाही, वजा केली, तर ४० हजारांची तूट निघते. ती सीसीने भरली. (पत्नीचे भाडे ही बाहेरची कमाई नव्हे, कारखाना थांबला की तेही थांबेल.)

आता दुकान. ३० लाखांना १० टक्क्यांनी १० वर्षांचा हप्ता सुमारे ३९,६५० रुपये, म्हणजे वर्षाला ४ लाख ७६ हजार. भाडे १८,००० धरले आणि एखादा महिना दुकान रिकामे राहील हे गृहीत धरून कर, देखभाल वजा केली, तर हाती पावणेदोन लाख येतील. हप्त्यांसाठी उपलब्ध रोख म्हणजे वरचे ६ लाख २० हजार, अधिक पत्नीचे भाडे, वजा घरखर्च, अधिक दुकानाचे पावणेदोन लाख, असे ४ लाख ३५ हजार. तिला जुन्या-नव्या हप्त्यांच्या ७ लाख ७६ हजारांनी भागले, तर प्रमाण आजच्या स्थितीत ०.५६ निघते. येणी वाढली नसती, तर तेच १.३३ झाले असते, आणि १.२५ च्या पुढे बँका सहसा समाधानी असतात. दुकान परवडते की नाही, हे त्यामुळे भाड्यापेक्षा आपल्या येण्यांवर ठरणार आहे.

सीसीतून १० लाख काढू नयेत. ती मर्यादा साठा आणि येण्यांवर मिळालेली असते, शिवाय ९० दिवसांपुढची येणी बँक साधारणतः मोजतच नाही. तो पैसा दुकानात अडकला, तर वीजबिल आणि मजुरी कशातून देणार?

उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर लेखी करार असूनही ४५ दिवसांपुढे देयक थकवता येत नाही, आणि थकवल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने दरमहा चक्रवाढ व्याज लागते. अर्थात पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेणार! तक्रारीआधी पुढच्या ऑर्डरवरच ४५ दिवस लिहून घ्यावेत आणि येण्यांची वयवार यादी (कोणते बिल किती दिवस थकले आहे, याची) काढून दोन तिमाह्या पाहावी. येणी १२ लाखांच्या आसपास आली, आणि १० लाख स्वतःच्या बचतीतून उभे राहिले, तरच दुकानाचा विसार द्यावा.