पहिल्यांदा भरीत करतेस, तर मिक्सर कपाटातच ठेव

मिक्सरमध्ये वांग्याची खळ होते, भरीत होत नाही. आपल्याकडे खानदेशात बडगीत, म्हणजे लाकडी उखळीसारख्या भांड्यात, लाकडी मुसळीने ठेचतात. तुझ्याकडे बडगी नसेल तर खलबत्ता चालेल.

अर्धं काम बाजारातच होतं. हिरवट-पांढरं, मोठं भरताचं वांगं घे. याच जळगावच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हातात घेऊन बघ: आकाराच्या मानाने हलकं लागलं तर बिया कमी. जड वांगं ठेवून दे परत.

शेतात कपाशीच्या काड्यांवर भाजतात, ती चव गॅसवर येत नाही, खोटं कशाला सांगू! तरी टोचे मारून, मंद आचेवर फिरवत भाज. देठाजवळ सुरी लोण्यासारखी गेली पाहिजे. तिथेच नवख्यांचं कच्चं राहतं. सोलल्यावर पाण्याखाली धरू नकोस, धुराचा वास जातो. चाळणीत निथळू दे.

मिरच्याही भाजूनच घे, लसणासोबत ठेच. तेलाचं म्हणशील तर लग्नातल्या भरतावर तवंग असतो. घरी किलोला दोन चमचे पुरे. शेंगदाणे त्यातच तळ, वरून कांद्याची पात, कोथिंबीर. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी कर, पुरी नको.